‘ऑनलाइन बघा’ म्हणाले? मग पोच माग!

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालीय, बरोबरच आहे. मोबाइलवर बसून टाइप केलेलं दिसतंय, मधेच कुणीतरी हाक मारली असणार, वाक्यं अर्धवट सुटलीयत, म्हणून जरा काटछाट करून देतो.

“काका, लग्न होऊन तीन वर्षं झाली. बीकॉम आहे, कॉम्प्युटर येतो, म्हणून आख्खी वाडी माझ्याकडे येते. कुणाचा सातबारा काढ, कुणाची केवायसी कर. शेजारच्या आजी ७८ वर्षांच्या, एकट्याच राहतात, रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही म्हणून दोन महिने धान्य नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरकुलाची यादी लावलेली असायची, रंगकाम झालं आणि यादी गेली. ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारलं तर म्हणाले आता सगळं ऑनलाइन आहे, तिथं बघा. साइट उघडेना. परत गेले तर म्हणाले नवीन कायदा आलाय, वैयक्तिक माहिती देता येत नाही. दाखल्याला सेवा केंद्रवाला तीनशे घेतो, पावती देत नाही. सासरे म्हणतात नसती भानगड अंगावर घेऊ नको. आणि खरं सांगू का, माझ्या मोबाइलमध्ये निम्म्या गावाची आधार कार्डं आहेत, त्याचीच कधीकधी भीती वाटते. सुरुवात कुठून करू?”

पोरी, तुला एकेरीतच लिहितो, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. आणि सल्ला द्यायच्या आधी एक कबुली देऊन टाकतो, कारण ती नाही दिली तर पुढचं सगळं फुकटची बडबड होईल. मी नोकरीची एकतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली, शेवटी अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो, आणि ‘आता ऑनलाइन झालंय, बाहेरून करून आणा’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा फेकलंय त्याला गणती नाही. एक म्हातारे यायचे, हातात कापडाच्या दुकानातली पिवळी पिशवी, त्यात सगळी कागदं घडी घालून. तीनदा आले. तिन्ही वेळा मी मान वर न करता म्हणलं साइट बंद आहे, उद्या या. साइट खरंच बंद होती, खोटं बोललो नाही, पण ते आले होते याची कुठे नोंद? कुठेच नाही! माझ्या रजिस्टरच्या हिशोबाने ते बाबा ऑफिसात कधी आलेच नव्हते. चौथ्यांदा खरंच आले नाहीत, पुढं काय झालं मला माहीत नाही.

म्हणून तुला जे सांगणार आहे ते आतल्या माणसाचं आहे. सरकारी ऑफिसात तोंडी ‘नाही’ची किंमत शून्य असते, ती दोन्हीकडून शून्य. तू वीस चकरा मार, कागदावर शिक्का नसेल तर तू आलीच नाहीस. आणि एकदा का अर्जावर आवक नंबर पडला, तारीख पडली, गोल शिक्का बसला की तो कागद कुणाच्या तरी गळ्यात पडतो, त्याचं काय केलं हे कुणाला तरी सांगावं लागतं. ऑनलाइन आलं आणि नेमकी हीच गोष्ट गेली बघ. साइट उघडली नाही, ओटीपी आला नाही, अंगठा जुळला नाही, याची पोच कोण देतं? मशीन लाल दिवा दाखवतं आणि माणूस घरी जातो. तेव्हा तुझं काम एवढंच, तोंडी आलेला प्रत्येक ‘नाही’ कागदावर आणायचा.

आता आधी आजी. यादी दोन महिने थांबली तर कुणी मरत नाही, धान्याचं तसं नाही.

अंगठा न उठणं ही काही आजींची एकट्यांची तक्रार नाही, हे तुला सांगायला नकोच. आयुष्यभर भांडी घासलेली, भांगलण केलेली, ऊसतोड केलेली बोटं असतात, त्यावर रेषा राहतातच कुठे? आमच्या इथल्या रेशन दुकानात बायका अंगठा डोक्यावरच्या तेलात घासून मशीनवर लावतात, मग पदराला पुसून परत लावतात, मग दुकानदार म्हणतो दुसरा हात द्या. रेंज नसली की तोच दुकानदार मशीन घेऊन बाहेर कट्ट्यावर उभा, रांग त्याच्या मागे. हसू येतं बघून, पण या असल्या गोष्टीत माणसं दगावल्याचे आरोप झालेत. २०१७ च्या सप्टेंबरात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी गेली, घरचं रेशन कार्ड आधारला जोडलं नाही म्हणून धान्य बंद झालं होतं आणि पोरगी भुकेनं गेली असं आईनं सांगितलं, सरकार म्हणालं आजारानं गेली. देशभर बोंब झाली. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्या अन्न खात्यानं राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही म्हणून कुणाचं धान्य नाकारायचं नाही, आणि त्याच तारखेला आधारवाल्यांनी, म्हणजे यूआयडीएआयनं, परिपत्रक काढलं की अंगठा जुळला नाही तर दुसरा मार्ग ठेवा आणि तशी नोंद करा. सुप्रीम कोर्टाचा आधारचा निकाल २६ सप्टेंबर २०१८ चा, त्यातही हेच आहे, मशीन चुकलं म्हणून हक्काच्या माणसाला रिकाम्या हाती पाठवता येणार नाही.

म्हणजे दुकानदारानं ‘अंगठा उठत नाही, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून आजींना परत पाठवणं हे चूक आहे. पण त्याच्याशी दुकानात भांडू नकोस, त्यालाही मशीनमध्ये हिशोब दाखवावा लागतो, तो तुझ्या पाठीशी असलेला बरा. तू असं कर. आजींच्या आधारला मोबाइल नंबर जोडलेला आहे का बघ, असला तर ओटीपीवर काम होतं का ते दुकानातच करून बघ. नसला तर आधार केंद्रात घेऊन जा, अंगठा घासला असला तरी डोळ्यांवर आणि चेहऱ्यावर ओळख पटवायची सोय आहे, तिथे मोबाइल नंबर पण जोडून घे आणि बोटांचे ठसे नव्यानं घ्यायला लाव. कार्डात घरातलं दुसरं कुणी असेल तर त्याचा अंगठा चालतो, पण तू म्हणतेस त्या एकट्याच. मग नॉमिनीची सोय मागून घे, म्हातारं किंवा अपंग माणूस आपल्या वतीनं दुसऱ्याला धान्य आणायला नेमू शकतो, अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत जातो. हे सगळं होईपर्यंत मात्र चालू महिन्याचं धान्य अडता कामा नये, त्यासाठी तहसीलदारांच्या नावानं साधा अर्ज लिही: कार्ड नंबर अमुक, अमुक तारखांना गेलो, अंगठा जुळला नाही म्हणून धान्य दिलं नाही, पर्यायी पद्धतीनं द्यावं आणि दोन महिन्यांचं न मिळालेलं धान्य किंवा अन्न सुरक्षा भत्ता द्यावा. धान्य मिळालं नाही तर त्याऐवजी पैशात द्यायचा हा भत्ता २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम ८ ला आहे, कुणी मागतच नाही म्हणून कुणाला माहीत नाही. पदरात पडेलच असं सांगत नाही, पण हा शब्द अर्जात दिसला की वाचणारा जरा सरळ बसतो, हे मी बघितलंय. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का घ्यायचा. घरून रेशनच्या हेल्पलाइनला, १९६७ या नंबरवर, फोन पण लाव, तक्रारीचा नंबर देतात तो वहीत लिहून ठेव.

एक वेगळीच गंमत सांगतो, गंमत कसली म्हणा. काही लोकांनी फसवणुकीच्या भीतीनं आधारचे ठसे लॉक करून ठेवलेत, पोरानं पुण्यात बसून आईचं लॉक केलं आणि आईला सांगायचं विसरला. इकडे आई रेशनच्या रांगेत, मशीन नाही म्हणतंय, सगळे तिच्या बोटाला दोष देतायत. आजींचं असं काही झालंय का ते पण एकदा तपासून घे, फोडणी दुसरीकडेच जळत असायची.

आता यादी.

‘सगळं ऑनलाइन आहे’ हे भाऊसाहेबांचं म्हणणं अर्धं खरं. घरकुलाचे बरेचसे रिपोर्ट केंद्राच्या साइटवर गावनिहाय असतात, पंचायतीनं कशावर किती खर्च केला ते ई-ग्रामस्वराजवर दिसतं, ती साइट २०२० पासून आहे. पण कायद्यानं एवढ्यावर भागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्याच्या कलम ४ मध्ये कार्यालयांनी कुणी न मागता, आपणहून काय काय जाहीर करायचं याचे सतरा मुद्दे दिलेत. आमच्या ऑफिसात त्याला नुसतंच ‘सतरा मुद्दे’ म्हणायचे आणि त्याची फाइल कपाटात सगळ्यात वर, हात पुरणार नाही अशी ठेवलेली असायची. त्यातला बारावा मुद्दा काढून बघ. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हे जाहीर करायचं. लाभार्थ्यांचा तपशील हे शब्द सरळ सरळ कायद्यात आहेत. आणि त्याच कलमात पुढं असंही आहे की हे सगळं लोकांना समजेल अशा रीतीनं, स्थानिक भाषा बघून, नोटीस बोर्ड, पेपर, इंटरनेट अशा मार्गांनी पोचवायचं. म्हणजे इंटरनेट हा अनेकांतला एक मार्ग झाला. भिंत त्यात आहेच, भिंत कुणी रद्द केलेली नाही.

आता त्या ‘नवीन कायद्या’बद्दल. हे भाऊसाहेबांनी हवेतून काढलेलं नाही, त्यामागे खरी गोष्ट आहे आणि ती नीट समजून घे, नाहीतर समोरासमोर गडबडशील. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानं माहिती अधिकारातलं एक पोटकलम बदललं, कलम ८(१)(j). आधी कसं होतं, वैयक्तिक माहिती नाकारता यायची पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तरच, शिवाय मोठं जनहित असेल तर द्यायची, आणि जी माहिती संसदेला विधानसभेला नाकारता येत नाही ती कुणालाच नाकारायची नाही असं एक छान वाक्य होतं. ते सगळं काढलं. आता तिथे नुसतं ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित’ एवढंच उरलंय, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. माझं मत विचारशील तर फार वाईट झालं. ज्याला नाही म्हणायचंय त्याच्या हातात आयतं कोलीत. नाव म्हणजे वैयक्तिक, सही म्हणजे वैयक्तिक, मग काय ठेकेदाराचं बिलसुद्धा वैयक्तिक होणार!

पण दार बंद झालेलं नाही, हे भाऊसाहेबांना सांगायचंय. कलम ४ ला कुणी हात लावलेला नाही, बारावा मुद्दा तिथेच आहे. कलम ८(२) पण आहे, गुप्ततेपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि माझं आवडतं कलम १०, ते फार कमी लोक वापरतात. एखाद्या कागदात काही भाग देता येण्यासारखा नसेल तर तेवढा झाकून बाकीचा द्यायचा. आता घरकुलाच्या यादीत झाकण्यासारखं काय आहे? आधार नंबर, बँकेचं खातं, मोबाइल नंबर. हे झाकलंच पाहिजे, मी तर म्हणतो ते भिंतीवर लागलं तर तूच पहिली ओरड. २०२३ मध्ये दुसऱ्या राज्यांत काय झालं, जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे साइटवरून उचलून चोरांनी नकली ठसे बनवले आणि आधारवरनं खात्यातले पैसे काढले. हे सरकारनं उघडं ठेवायला नको होतं ते उघडं ठेवलं त्याचं फळ. पण कुणाचं नाव, कोणत्या वर्षी मंजूर, हप्ते किती सुटले, घर कुठवर आलं, हे गावापासून झाकायचं कारण काय? गावाला तर तसंही दिसतंय कुणाचा स्लॅब पडलाय ते! यादीतलं घर आणि जमिनीवरचं घर जुळतंय का, एवढंच तर बघायचं असतं.

राजस्थानात हेच केलं होतं लोकांनी, इंटरनेट यायच्या आधी. १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना नावाच्या गावात मजूर किसान शक्ती संघटनेनं सरकारी कामाचे हजेरीपट गावासमोर मोठ्यानं वाचले. नुसते वाचले. आणि ऐकणारे उठून म्हणायला लागले, अरे हा तर त्या कामावर कधी गेलाच नाही. माहिती अधिकाराची चळवळ अशा वाचण्यातनं मोठी झाली, पुढं १९९६ ला ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. आणि आता त्याच राजस्थानात २०१९ पासून जनसूचना पोर्टल आहे, योजनेची माहिती अर्ज न करता बघता येते. त्यामुळं मी काही ऑनलाइनच्या विरोधात नाही, गैरसमज नको. चांगलं केलं तर भिंतीपेक्षा ते चांगलंच, सुरतेत कामाला गेलेल्या माणसालाही आपल्या गावची यादी दिसते.

तर आता माहिती अधिकाराचा अर्ज. ग्रामपंचायतीत जनमाहिती अधिकारी बहुतेक भाऊसाहेबच असतात, पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण तोंडात ग्रामसेवकच बसलंय सगळ्यांच्या. विहित नमुन्यातला अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नको, दाखला जोडायचा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत असा नियम आहे, तो बऱ्याच जणांना नडतो, तीन पानी कहाणी लिहून मोकळे होतात आणि अर्ज तेवढ्यावरच परत येतो. कशाला हवी ते सांगायची गरज नाही, विचारलंच तर हसून म्हण, कायद्यात कारण मागायची सोय नाही. मजकूर असा ठेव:

“आपल्या ग्रामपंचायतीतील प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ची मागील पाच आर्थिक वर्षांतील लाभार्थ्यांची यादी, नाव, मंजुरीचे वर्ष, मंजूर रक्कम व वितरित हप्ते या तपशिलासह. आधार क्रमांक, बँक खाते व मोबाइल क्रमांक कलम १० नुसार वगळून द्यावेत. ही माहिती कलम ४ नुसार स्वतःहून प्रसिद्ध केली असल्यास ज्या तारखेला व ज्या ठिकाणी प्रसिद्ध केली त्या नोंदीची प्रत द्यावी.”

शेवटचं वाक्य काढू नकोस. ‘ऑनलाइन आहे’ असं उत्तर आलं तर कधी, कुठल्या पत्त्यावर, हे त्यांना लिहून द्यावं लागेल, आणि तो पत्ता उघडत नसला तर ते लिहून दिलेलं तुझ्या हातात राहील. तीस दिवस वाट बघ. उत्तर नाही आलं किंवा गोलमाल आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, ते कुणाकडे हे ग्रामपंचायतीतल्या बोर्डावर लिहिलेलं असायला पाहिजे, बोर्ड नसेल तर पंचायत समितीत विचार. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे फार वेळ लागतो, तिथे महिनोन् महिने नंबर येत नाही, उगाच गोड बोलून काय उपयोग. पण गावपातळीवरची निम्मी प्रकरणं पहिल्या अपिलाच्या आधीच सुटतात हा माझा अनुभव, कारण दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५ हजार दंड अधिकाऱ्याच्या पगारातनं जातो हे त्याला पाठ असतं.

अर्जाचं चालू असताना साइट जेव्हा केव्हा उघडेल तेव्हा, मग ते रात्री साडेअकरा का असेना, गावाचा रिपोर्ट पीडीएफ करून ठेव. तारीख दिसली पाहिजे, वरचा पत्ता दिसला पाहिजे. साइट बंद असेल तर त्याचाही स्क्रीनशॉट, घड्याळासकट. नुसतं साधं पान असेल, कॅप्चा वगैरे काही मागत नसेल, तर वेबॅक मशीन नावाची साइट आहे तिथे पत्ता टाकून ते पान जपून ठेवता येतं, उद्या सरकारी साइटवरून ते उडालं तरी तिथे राहतं. रिपोर्ट मात्र त्यात नीट उतरत नाहीत, त्याला पीडीएफच. हे का सांगतोय, साइट नव्यानं बनवताना जुनं सगळं उडवायची आपल्याकडे मोठी हौस. नवा लोगो येतो, वर मंत्र्यांचे फोटो येतात आणि मागच्या पाच वर्षांच्या याद्या गायब, तुमच्या भिंतीच्या रंगकामासारखंच. कोर्टात न्यायची वेळ आली तर नुसत्या स्क्रीनशॉटला तिथे किंमत नसते, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील बघेल.

आणि ग्रामसभा विसरू नकोस. घरकुलाच्या याद्या ग्रामसभेसमोर यायच्याच असतात. पुढच्या सभेत उठून एवढंच म्हण, यादी एकदा वाचून दाखवा आणि वाचली असं प्रोसीडिंगला लिहा. तू म्हणायला संकोच वाटत असेल, नवी सून वगैरे, तर बचत गटातल्या दोघीतिघींना बरोबर घे, एकीनं म्हणलं तर भोचक ठरते, चौघींनी म्हणलं की ठराव होतो.

केंद्रवाल्याचं फार लिहीत नाही. दर लिहिलेला बोर्ड आतमध्ये लावलेला असला पाहिजे, त्याचा फोटो काढ, पैसे देताना पावती माग, नाही दिली तर मोबाइलवरनं पैसे दे म्हणजे नोंद राहते, आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार. पण त्याहून सोपं म्हणजे तू स्वतः ‘आपले सरकार’ पोर्टलवर खातं काढ, आपल्या घरच्यांचे दाखले घरनं भर, मधला माणूसच गेला. दाखल्यांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागतो, अर्जाचा नंबर मिळाला की त्या दिवसापासून मुदत सुरू, नाकारलं तर कारण लिहून द्यायचं, उशीर केला तर दोन अपिलं खात्यातच आणि मग सेवा हक्क आयोग, दंड पाचशे ते पाच हजार. सातबारा नुसता बघायला फुकट आहे, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत निघतो आणि सगळीकडे चालतो, त्याला कुणी पन्नास-शंभर घेत असेल तर घेऊ देऊ नका.

आता तुझा मोबाइल. हे वाचून मला खरी काळजी वाटली. तू चांगल्या मनानं करतेस, पण उद्या कुणाच्या खात्यातनं पैसे गेले तर पहिलं बोट तुझ्याकडे, तुझा काही दोष नसताना. आज रात्रीच बस आणि गॅलरीतनं सगळी आधार कार्डं उडव, ती रिसायकल बिनमध्ये पण राहतात, व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये राहतात, गुगल फोटोजवर चढलेली असतात, तिन्हीकडनं काढ. यापुढं माणूस समोर बसलेला असताना त्याच्याच फोनवर काम करायचं, फोन त्याचा, ओटीपी त्यानं वाचायचा, पासवर्ड त्याच्या वहीत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचं काम झालं की त्यांच्यादेखत फोटो डिलीट. आधारची प्रत कुठे द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार काढून दे. आणि कुणी पीएम किसान नाहीतर गाडीच्या दंडाच्या चलनाच्या नावानं एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर ॲप चढवणारी फाइल, पाठवली तर उघडायची नाही, हे वाडीत घरोघर सांग, सरकारी साइटचा पत्ता बघून घ्यायचा, शेवटी गव्ह डॉट इन आहे का.

यानं तुझं काम हळू होईल, लोक कुरकुरतील. होऊ दे. पण आख्ख्या वाडीला सरकारपर्यंत पोचायचा एकच रस्ता आणि तो म्हणजे तुझा मोबाइल, हे काही बरं नाही, तू चार दिवस माहेरी गेलीस की काय करायचं त्यांनी? २०२५ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिलाय. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या बाईला केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा म्हणत होते, तिला ते जमणारच नव्हतं. अंध माणसांच्याही अशाच अडचणी त्या प्रकरणात होत्या. कोर्ट म्हणालं डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, कलम २१. आजींच्या अर्जात हे पण एका ओळीत टाक.

सासऱ्यांचं राहिलं. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, त्यांनी गावात साठ पावसाळे काढलेत, भाऊसाहेबांशी वाकडं घेतलं की घरपट्टीच्या उताऱ्याला कसे हेलपाटे पडतात त्यांना माहीत असणार. त्यांच्याशी वाद घालू नकोस. आजींचा रेशनचा अर्ज तहसीलला न्यायचा आहे, तुम्ही बरोबर चला म्हण. तहसीलचं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, कुठल्या खिडकीला उभं राहायचं, कुठल्या दिवशी साहेब असतात, आणि शेजारच्या म्हातारीच्या धान्याला नाही म्हणणारा सासरा मी तरी बघितला नाही. यादीचा अर्ज नंतर, एक महिन्यानं, तोवर त्यांनाच वाटेल.

आवक बारनिशी, म्हणजे आलेले अर्ज नोंदवून घ्यायचं काम, बहुतेक ऑफिसात जेवणाच्या सुट्टीनंतर बंद करायला लागतात, म्हणून सकाळी अकराच्या आत जा. आजींना नेऊ नका, नॉमिनीच्या फॉर्मवर त्यांचा अंगठा घरीच घे. स्टॅम्प पॅडची निळी शाई, कोरडं बोट, हलकं दाबायचं. तिथे उठतो बघ त्यांचा अंगठा, पहिल्या झटक्यात.